लठ्ठपणाचं खापर

मार्च २०२५मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शनं भारतात आली आणि आपल्याकडे एका जुन्याच वादाला नव्यानं तोंड फुटलं. 'तोंडावर ताबा नाही म्हणून सुया टोचून घेतात' म्हणणारे एका बाजूला, 'लठ्ठपणा हा आजार आहे, त्यात माणसाचा काय दोष' म्हणणारे दुसऱ्या बाजूला. त्याआधी काही वर्षं महाराष्ट्रात वेगळी जुगलबंदी रंगली होती. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तसं दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण उरकायचं, की ऋजुता दिवेकर सांगतात तसं दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं? घराघरात तट पडले होते. लग्नाच्या पंगतीत जिलबी नाकारताना 'मी दीक्षित करतोय' म्हटलं की यजमानाचा आग्रह तिथल्या तिथे थांबायचा, एवढी त्या शब्दाला प्रतिष्ठा होती. या दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत, दोन्हींनी न उतरलेलीही पाहिली आहेत. पण दोन्ही वाद ऐकताना राहून राहून वाटतं की भांडण जोरात चाललंय आणि प्रश्नच चुकीचा विचारला जातोय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. लठ्ठपणाच्या चर्चेत आपण दोन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवतो. पहिला, हा माणूस लठ्ठ का झाला आणि त्याच्याच मजल्यावर राहणारा का नाही? दुसरा, अख्खा समाजच दोन-तीन दशकांत लठ्ठ का होत चाललाय? दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५मध्येच हा भेद स्पष्ट करून ठेवला होता. त्यांचं उदाहरण रक्तदाबाचं होतं. लंडनच्या सरकारी नोकरांत एकाचा रक्तदाब दुसऱ्यापेक्षा जास्त का, हे शोधायला त्या दोघांची तुलना करता येते. पण लंडनचे सगळेच नोकर केनियातल्या भटक्या पशुपालकांच्या तुलनेत वरच्या आकड्यांवर का सरकलेत, हे त्या दोघांच्या तुलनेतून कधीच कळणार नाही, कारण ज्यामुळे सगळेच सरकलेत ते दोघांच्याही आयुष्यात सारखंच असतं. आपण मात्र दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर देतो, पहिल्याला दुसऱ्याचं, आणि मधल्या मध्ये जो जाड दिसतो त्याच्या डोक्यावर खापर फोडून मोकळे होतो.

आकडे पाहिले की हा घोळ लक्षात येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६मध्ये १५ ते ४९ वयोगटातल्या १२.६ टक्के बायका जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. २०१९-२१मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेलं. पुरुषांचं ९.३ वरून जवळजवळ २३ टक्क्यांवर. आता 'इच्छाशक्ती नाही' हे कारण इथे लावून पाहा. पंधरा वर्षांत या देशातल्या बायकांची इच्छाशक्ती निम्मी झाली म्हणायचं का? पुरुषांची त्याहूनही कमी? ज्या बायका चार वाजता उठून डबे करतात, संकष्टीपासून श्रावणी सोमवारापर्यंतचे उपास सांभाळतात, त्यांना पोळीचा एक घास कमी घेण्याचा निर्धार जमेना झाला? (उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली जाते हे मान्य. पण ती आजीही खात होती.)

आता विरोधी पक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा. शेवटी शरीराला भौतिकशास्त्राचे नियम लागू आहेत. जेवढी ऊर्जा आत गेली आणि जेवढी खर्च झाली त्यांतली तफावत चरबी म्हणून साठते. हवेतून कोणी जाड होत नाही. हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि जे लोक 'कॅलरी हे थोतांड आहे' म्हणतात त्यांच्याशी माझं जमणार नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा क्यूबात सापडतो. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेल आणि धान्य येणं थांबलं, बस बंद पडल्या. सरकारनं दहा लाखांहून जास्त सायकली वाटल्या. माणसं कमी खाऊ लागली आणि जास्त पायडल मारू लागली. काही वर्षांत अख्ख्या देशाचं वजन सरासरी पाचेक किलोंनी उतरलं, आणि पुढच्या काळात मधुमेहानं आणि हृदयविकारानं होणारे मृत्यूही घटले. (त्याच काळात जीवनसत्त्वांच्या अभावामुळे हजारो लोकांची नजर अधू झाली, हे विसरून क्यूबाचे गोडवे गाणारेही आहेत.) अर्थव्यवस्था सावरली, तसं वजन परत आलं.

पण क्यूबाचं हे उदाहरण नेमकं काय सिद्ध करतं? कॅलरीचा हिशोब खरा आहे हे तर करतंच. त्याचबरोबर, एक कोटीहून अधिक माणसांची वजनं एकाच वेळी खाली आणि एकाच वेळी वर जातात तेव्हा त्यांचे निर्धार एकाच वेळी पक्के आणि एकाच वेळी कच्चे झालेले नसतात, हेही सिद्ध करतं. बदललेलं असतं ते ताट, आणि घर ते कारखाना जाण्याचं साधन. 'जास्त खाल्लं म्हणून जाड झाला' हे वाक्य चूक नाही. ते अपुरं आहे. भिंत कोसळली कारण गुरुत्वाकर्षण आहे, असं कंत्राटदारानं सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का?

त्यातही खर्चाची बाजू आपल्या हातात असते असं आपण धरून चालतो, तसं नसतं. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा वजन घटवण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम चालायचा. त्यातल्या चौदा स्पर्धकांना संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, निष्कर्ष २०१६मध्ये आले. बहुतेकांचं वजन परत चढलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं शरीर स्वस्थ बसल्या बसल्या जी ऊर्जा खर्च करतं, ती त्यांच्या आकारमानाच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होती. वजन उतरवलेलं शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागतं, काटकसर करतं, भूक वाढवतं. तेव्हा 'एकदा उतरवलंस ना, मग परत कसं वाढलं?' हा प्रश्न विचारणाऱ्यानं निदान आवाज जरा खाली ठेवावा.

पहिल्या प्रश्नाकडे वळू: हाच माणूस का? इथे आनुवंशिकतेचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० जणांचा अभ्यास १९८६मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांचा बांधा ज्यांच्या घरात ते वाढले, ज्यांच्या हातचं जेवले, त्यांच्यासारखा नव्हता. ज्यांनी जन्म दिला त्यांच्यासारखा होता. १९९४मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन हे संप्रेरक सापडलं. चरबीच्या पेशी ते तयार करतात आणि 'साठा पुरेसा आहे' असा निरोप मेंदूला देतात. तीन वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातली दोन चुलत भावंडं जगासमोर आणली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळपास नव्हतंच, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायचाच नाही. मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि तिचं खाणं झपाट्यानं कमी झालं, वजन उतरू लागलं. अशी मुलं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, हे कबूल. त्यावरून सगळ्या लठ्ठ माणसांत लेप्टिन नसतं असं ठरत नाही, उलट बहुतेकांच्या रक्तात ते भरपूर असतं. पण त्या मुलीमुळे एक गोष्ट कायमची ठरून गेली: भूक ही चारित्र्याची परीक्षा नसून रक्तातल्या निरोपांची गोष्ट आहे, आणि ते निरोप प्रत्येकाच्या शरीरात सारख्याच जोरानं वाजत नाहीत.

बरं, हे पाश्चात्त्यांनी काढलेलं खूळ आहे असं कोणाला वाटत असेल, तर चरकसंहितेतला सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय काढून पाहावा. अतिस्थूल माणसाला तिथे आठ निंदितांमध्ये बसवलंय, म्हणजे हिणवणं त्या काळीही होतं. कारणं मात्र एकात संपवलेली नाहीत. अति खाणं आहे, जड-गोड-स्निग्ध अन्न आहे, व्यायाम नसणं आहे, दिवसा झोपणं आहे, चिंता नसणं आहे, आणि शेवटी 'बीजस्वभाव'ही आहे, म्हणजे आईबापांकडून आलेलं. सगळं आपल्याकडे आधीच होतं असा दावा मला करायचा नाही. शिवाय चिंता नसणं हे कारण आजच्या लठ्ठ माणसाला वाचून दाखवलं तर तो हसेल. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला अर्धा डझन कारणं दिसतात आणि आपल्या जिममधल्या ट्रेनरला एकच, याला काय म्हणावं?

या यादीत आता आणखी भर पडली आहे. मनोविकारावर दिली जाणारी काही औषधं, विशेषतः ओलान्झापिन, वजन वाढवतात. स्टेरॉइड वाढवतात. मधुमेहावरचं इन्सुलिनसुद्धा वाढवतं. मग होतं असं की डॉक्टर मधुमेह्याला इन्सुलिन सुरू करतात आणि पुढच्या खेपेला 'वजन कमी करा' म्हणून दटावतात. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार, असलेल्या मुलीचं वजन चढतं आणि चढलेल्या वजनानं पीसीओएस बळावतो. थायरॉइडवर मात्र आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त बिल फाडलं जातं. ग्रंथी मंदावल्यानं वाढतं ते सहसा थोडंच, वीस-तीस किलोंचा हिशोब तिच्या नावावर टाकता येत नाही.

इथे समोरचा म्हणेल, ठीक आहे, पण जनुकं काही तीस वर्षांत बदलत नाहीत. आजोबा सडपातळ होते, नातू जाड. मग बीजस्वभावाचं काय घेऊन बसलात? हा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो बरोबर आहे आणि तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. उंची बघा. उंच आईबापांची मुलं उंच होतात, उंचीइतकी आनुवंशिक गोष्ट क्वचित सापडेल. तरीही जपानमध्ये युद्धानंतरची पिढी आधीच्या पिढीच्या डोक्यावरून निघाली. जनुकं तीच होती, जेवण बदललं. कोण कोणापेक्षा उंच हे बीजानं ठरवलं, सगळे मिळून किती उंच हे ताटानं. वजनाचंही तेच. ॲरिझोनातल्या पिमा लोकांची गोष्ट यासाठी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गिला नदीच्या पाण्यावर शतकानुशतकं शेती करणारी ही जमात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतकारांनी नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवलं, शेती वाळली, आणि पुढे सरकारी शिध्यावर पोट भरायची वेळ आली: पांढरं पीठ, साखर, डुकराची चरबी. आज त्यांच्यातलं लठ्ठपणाचं आणि मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या मायकोबा गावात डोंगराळ जमिनीवर मका आणि घेवडा पिकवत राहिले. १९९४मध्ये एका लहानशा अभ्यासात दोघांना वजनकाट्यावर घेतलं, तर मेक्सिकोतले सरासरी २६ किलोंनी हलके निघाले. ॲरिझोनातल्या पिमांना दोष द्यायचा तर कशाचा द्यायचा? जनुकांचा? आळसाचा? की नदी पळवणाऱ्याचा?

आपल्याकडच्या लठ्ठपणाची तर याहून वेगळी, खास आपली भानगड आहे, आणि ती पुण्यातल्या माणसानं दाखवून दिली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. गावातलं बाळ सरासरी २.७ किलोंचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोंचं. आपलं बाळ हाडकुळं असणार हे उघड होतं. पण मोजमाप घेतल्यावर दिसलं की कमतरता स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची होती. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास शाबूत होती. म्हणजे जन्मतःच बारीक दिसणारं आणि आतून चरबी राखून असलेलं बाळ. पुढे २००४मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के, याज्ञिकांचं २१.२ टक्के. ज्या आकड्यावर इंग्रज तंदुरुस्त ठरतो त्याच आकड्यावर आपण मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो.

'ज्या देशात कुपोषण आहे तिथे लठ्ठपणाच्या गप्पा म्हणजे श्रीमंतांचे चोचले' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर याच बाळापाशी आहे. कुपोषण आणि लठ्ठपणा या दोन टोकाच्या गोष्टी नाहीत, एकाच आयुष्याचे दोन अंक असू शकतात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली, माणसं ट्यूलिपचे कांदे खाऊन जगली. त्या उपासमारीच्या काळात आईच्या पोटात पहिले महिने काढलेली मुलं एकोणीस वर्षांची होऊन सैन्यभरतीला आली तेव्हा त्यांच्यात लठ्ठ जास्त निघाले. गर्भात काटकसर शिकलेलं शरीर बाहेर सुबत्ता पाहतं आणि साठवत सुटतं. भारतात २०१९-२१च्या त्याच सर्वेक्षणात जवळपास १९ टक्के बायका किरकोळ वजनाच्या होत्या आणि २४ टक्के जादा वजनाच्या. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेल्या गरोदर आईची लेक आज पन्नाशीत आहे, शहरात आहे, आणि तिची साखर वाढलेली आहे. तिला 'कमी खा' सांगताना तिच्या आईला काय मिळालं होतं हेही एकदा विचारून पाहावं.

आता तिचा दिवस बघू, कारण दुसरा प्रश्न तिथेच उलगडतो. बदलापूरला राहायचं, फोर्टात नोकरी. पहाटे उठून डबे, साडेसहाची गाडी, दारात लटकून किंवा चौथ्या सीटवर अर्धं टेकून दीड तास. नाश्ता म्हणजे स्टेशनबाहेरचा चहा आणि क्रीमची बिस्किटं, कारण पोहे करून होतात पण बसून खायला वेळ उरत नाही. दिवसभर खुर्ची. परतीच्या गाडीत भाजी निवडायची. रात्री साडेनऊला सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःचं ताट, आणि उरलेली दोन पोळ्या-भाजी 'टाकायची कशाला' म्हणून त्याच ताटात. झोपायला बारा. कमी झोपेनं भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि लेप्टिन घटतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तिला ठाऊक नसलं तरी शरीराला ठाऊक असतं. 'रोज पाऊण तास चाला' हा सल्ला तिला द्यायचा तर तो पाऊण तास नेमका कुठून काढायचा? आणि चालायचं कुठे? फुटपाथ जिथे आहे तिथे त्यावर दुचाक्या आहेत, आणि रात्री दहानंतर एकटीनं चालायला निघाली तर घरचेच अडवतील.

तिनं ती बिस्किटं घेतली म्हणून तिला बोलायचं असेल, तर २०१९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेला एक प्रयोग लक्षात घ्यावा. वीस जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न दिलं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. पुढे ठेवलेल्या दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच. हवं तेवढं खा, म्हणाले. तयार अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वाढली. त्यांना कोणी भरवलं नव्हतं. तेच वीस जण, तीच इच्छाशक्ती.

'असं सगळं परिस्थितीवर ढकललंत तर माणूस हातपाय गाळून बसेल,' हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. स्वतःच्या प्रयत्नानं वजन उतरवून वर्षानुवर्षं टिकवणारी माणसं आहेत, त्यांच्या जिद्दीला मी कमी लेखणार नाही. पण तंबाखूचं काय झालं ते आठवा. २००३चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, पाकिटावर सडक्या तोंडाचे फोटो आले. त्यामुळे सिगारेट सोडणाऱ्याची जिद्द कमी झाली का? उलट एसटीत आणि ऑफिसात शेजारचा ओढत नाही म्हटल्यावर सोडणं सोपं झालं. त्याहून जुनं उदाहरण गलगंडाचं. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत माणसं पिढ्यानपिढ्या गळ्याला गाठी घेऊन जगत होती. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि काही वर्षांत गलगंड झपाट्यानं उतरला. तिथल्या कोणालाही शिस्त लावावी लागली नाही, घरात येणारं मीठ बदललं. लठ्ठपणाला असं एका चिमटीचं उत्तर नाही, हे मला मान्य आहे. कारणं दहा आहेत, म्हणून उपायही दहा लागतील, आणि प्रत्येक उपायानं थोडंच साधेल. पण दहा कारणांपैकी नऊ माणसाच्या दाराबाहेरची असताना दहावंच धरून बसायचं, हा कुठला न्याय?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळायला हवं, नाहीतर मी 'आजार आहे, इंजेक्शन घ्या' वाल्यांच्या बाजूचा आहे असा समज होईल. ही औषधं प्रभावी आहेत, ज्यांचं वजन जिवावर उठलंय त्यांना ती मिळावीत, आणि ती घेणाऱ्याला हिणवणारा माणूस रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला हिणवत नाही हेही मी नोंदवतो. पण सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवीतलं औषध, बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला, असं त्याच औषधाच्या चाचणीत दिसलंय. म्हणजे ते बहुधा जन्मभर घ्यायचं. मौंजारो आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसांचा खर्च महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार होता. किमती कितीही उतरल्या, तरी देशातल्या प्रत्येक चौथ्या माणसाला आधी जाड होऊ द्यायचं आणि मग जन्मभर टोचत राहायचं, हे धोरण झालं का? औषध पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. दुसऱ्या प्रश्नापुढे ते मुकंच राहणार.

आणि दुसऱ्या प्रश्नावर सरकार काय करतं? पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५मध्ये 'मन की बात'मध्ये आणि पुन्हा १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून लठ्ठपणाचा विषय काढला आणि स्वयंपाकात तेल दहा टक्के कमी वापरा असं सांगितलं. देशाच्या प्रमुखानं हा विषय काढला हे चांगलंच झालं, आणि तेल आपण खरोखर जास्त खातो. पण लाल किल्ल्यावरच्या भाषणानंतर सव्वा महिन्यानं, २२ सप्टेंबरपासून, बिस्किटांवरचा आणि चॉकलेटवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, फरसाण-भुजियावरचा १२ वरून ५ वर. शीतपेयांवर ४० टक्के ठेवला, ताज्या फळभाज्यांवर आधीपासूनच कर नाही, आणि सणासुदीच्या तोंडावर मध्यमवर्गाला दिलासा द्यायचा होता, हे सगळं मान्य. तरीही गृहिणीनं फोडणीचं तेल चमच्यानं मोजायचं आणि कारखान्यातून तेलात तळून आलेलं पाकीट स्वस्त करायचं, यात संयमाची अपेक्षा कोणाकडून आहे ते स्पष्टच दिसतं. कोणत्याही वाण्याच्या दुकानात जा. दारावरच पाच-पाच आणि दहा-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबतात, बरोबर सहा-सात वर्षांच्या पोराच्या हाताला येतील अशा उंचीवर. पाच रुपयांत वेफर्स, पाच रुपयांत बिस्किटपुडा. पाच रुपयांत केळं मिळेलच याची आता खात्री नाही.

पाकिटावर आत काय आहे हे ठळक लिहायचं म्हटलं, तर त्यालाही वर्षं लोटली. चिलीनं २०१६पासून जादा साखर-मीठ-चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. वाचता न येणाऱ्या मुलालाही कळतं की काळं म्हणजे सांभाळून. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२२मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा. अर्धा तारा ते पाच तारे, हॉटेलासारखे. त्यात साखरेमुळे गेलेले गुण थोडे तंतू, थोडे दाणे घालून परत कमावता येतात. कितीही वाईट पाकीट असलं तरी त्याला अर्धा तारा मिळणारच, आणि तारा म्हटल्यावर ती आपल्या डोळ्यांना शाबासकीच वाटते.

कायदेच नाहीत असंही नाही. २०२०च्या नियमांनुसार शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे. शाळा सुटायच्या वेळी आपल्या गावातल्या कोणत्याही फाटकासमोर उभं राहून पाहा, मीटरपट्टी न्यायची गरज नाही. आणि उद्या कोणी तक्रार केलीच, तर महापालिकेची गाडी येऊन वडापावची हातगाडी उचलून नेईल. समोरच्या दुकानातल्या माळा तशाच लोंबत राहतील, आणि त्या माळा बनवणाऱ्या कंपनीला साधी नोटीसही जाणार नाही.